आज काय निघालंय?

नाशिकमध्ये भाजीचं कुणाला कौतुक नाही. असायचं कारणही नाही. संध्याकाळी पेठ रोडच्या बाजूला गेलात तर गाडीच्या काचा वर असल्या तरी कोथिंबिरीचा वास आत येतो. बाजार समितीत ती शेकड्यानं जाते, म्हणजे शंभर जुड्यांचा एक भाव, आणि रातोरात मुंबईची वाट धरते. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरला की माणसं हातात मावणार नाहीत इतक्या पिशव्या घेऊन घरी येतात. पिंपळगावला टोमॅटो, लासलगावला कांदा, दिंडोरी-निफाडला द्राक्षं. मुंबईचे पाहुणे परत निघाले की त्यांच्या डिकीत कोबी-फ्लावर कोंबल्याशिवाय आपल्याला बरं वाटत नाही. अशा गावात कॉलनीच्या मोकळ्या भूखंडावर वाफे पाडायचे आणि शिकायला येऊन खोल्यांवर राहणाऱ्या पोरांना मेथी लावायला शिकवायचं असं ठरलं, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "मेथी? अगं, दारात दहाला जुडी मिळते!"

काकूंचं गणित बरोबर होतं. आजही आहे. आमच्या वाफ्यातली मेथी, तिचं पाणी, खत आणि पोरांचे तास असं सगळं धरलं तर ती दहाला काही पडत नाही. मी ज्युनियर कॉलेजात कॉमर्स शिकवते, त्यामुळे हा हिशेब मी मांडून बघितला आणि मुलांनाही लिहून दाखवला. 'पण मॅडम, आनंद किती मिळतो' असं कुणी म्हणायचं नाही, ही अट आधीच घातली होती. आनंद बाजारच्या जुडीतही असतो.

खरी गोष्ट मेथीच्या भावाची नव्हतीच. ती रविवार संध्याकाळची होती. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या आसपास जिल्ह्यातून शिकायला आलेली हजारो पोरं राहतात. कळवण, सुरगाणा, चांदवड, येवला. चौघं एका खोलीत, कॉट बेसिसवर. काही जण सातपूर-अंबडच्या कंपन्यांत ट्रेनी म्हणून लागलेले असतात. सगळ्यांची महिन्याची मेस लावलेली असते, आणि मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. त्या एका वेळेला सगळं उघडं पडतं. कुणी भुर्जीच्या गाडीवर, कुणी वडापाववर, कुणी खोलीत चहाच्या पातेल्यात मॅगीवर, कुणी नुसतं पाणी पिऊन झोपलेलं. माझ्याच वर्गातल्या एका मुलीनं हे मला इतक्या सहज सांगितलं होतं की तिला त्यात सांगण्यासारखं काही आहे असंही वाटत नव्हतं. घरी दोन एकर भाजीपाला असलेली मुलगी. तिला खिचडी लावता येत नव्हती.

म्हणून आमचा दिवस रविवार. दुपारी तीननंतर वाफ्यांत काम, आणि अंधार पडायच्या आत स्वयंपाक. जे निघेल ते शिजवायचं, तिथेच बसून जेवायचं, भांडी घासून खोलीवर जायचं.

भूखंड म्हणजे ले-आउट पाडताना सोडावी लागते ती मोकळी जागा. प्रत्येक कॉलनीत एक असते. वर्षातले दहा दिवस तिथे गणपतीचा मांडव असतो, एरवी गाजर गवत. हे गवत पुण्यात १९५५ च्या सुमाराला पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि बाहेरून आणलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. आता ते आपल्या आधीपासून इथे राहत असल्यासारखं वागतं. हातमोजे न घालता उपटलं की काहींच्या अंगावर पुरळ उठतं, म्हणून पहिला खर्च हातमोज्यांचा झाला. जागा मोजली तर साधारण अडीच गुंठे. गंमत म्हणजे इंग्लंडातही हेच माप आहे. तिथे नगरपालिका रहिवाशांना भाजी पिकवायला जमिनीचे तुकडे नाममात्र भाड्यानं देते, त्याला अलॉटमेंट म्हणतात. १९०८ चा कायदाच आहे तसा, मागणी असेल तर जागा द्यायची. त्यांचा पारंपरिक तुकडा दहा रॉडचा, म्हणजे सुमारे अडीचशे चौरस मीटर. एका कुटुंबाला वर्षभर भाजी पुरावी असा त्याचा हिशेब. दुसऱ्या महायुद्धात तर सरकारनं लोकांना बागा खणून बटाटे लावायला सांगितले. आता तिथल्या शहरांत अशा तुकड्यांसाठी वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायाद्या असतात. आपल्याकडे मोकळे भूखंड आहेत, यादी नाही. आमच्या अडीच गुंठ्यांवर वीस-बावीस पोरं असतात, त्यामुळे कुटुंबाला वर्षभर वगैरे सोडाच, एक रविवार भागला तरी खूप.

नाशिकची जमीन काळी आणि कसदार, हे पुस्तकात. कॉलनीतली जमीन म्हणजे वर मुरमाचा भराव, त्याखाली बांधकामाचा राडारोडा, त्याखाली कुठेतरी ती पुस्तकातली काळी माती. पहिल्यांदा टिकाव मारला तेव्हा टाइलचे तुकडे, प्लास्टरच्या ढपल्या आणि एक अख्खा नळ निघाला. कॉलनीतले एक काका वीज मंडळातून निवृत्त झालेत, मूळचे सिन्नरकडचे. त्यांनी खणायलाच बंदी केली. "खाली जाऊ नका, वर चढा," म्हणाले. मग आम्ही वर चढायला लागलो.

चढायला साहित्य फुकट होतं. जानेवारी-फेब्रुवारीत रस्त्याकडेची झाडं पानं गाळतात आणि सकाळी सकाळी कोपऱ्या-कोपऱ्यावर त्यांची होळी होते, त्या धुरानं निम्म्या गावाला खोकला. ती पानं पोत्यांत भरून आणली. उन्हाळ्यात रसवंतीवाल्याकडे उसाच्या चिपाडांचा ढीग असतो, तो त्याला नकोच असतो. घंटागाडीत जाणारा ओला कचरा चार-पाच घरांनी वेगळा द्यायचं कबूल केलं, आणि शेणासाठी मखमलाबादच्या एका गोठ्याशी बोलणं झालं. सुक्याचा जाड थर, ओल्याचा पातळ थर, वरून शेणकाला, पुन्हा सुका. सगळ्यांना वाटतं खत म्हणजे कचरा कुजवणं. कुजवलं तर वास मारतं. सुकं कमी पडलं, पाणी जास्त झालं, हवा मिळाली नाही की ढीग कुजतो. नीट जमला तर तो तापतो.

हे तापणं पोरांना सांगून पटत नाही. काकांची युक्ती अशी, की बांधकामातली एक लोखंडी सळई ढिगाच्या पोटापर्यंत खुपसून ठेवायची. पाच-दहा मिनिटांनी बाहेर ओढायची आणि ज्याला पटत नाही त्यानं टोकाला हात लावायचा. इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलानं बिनधास्त मुठीत धरली आणि तशीच टाकून दिली. साठ अंशांच्या आसपास जातं आतलं तापमान. तण-बी मरतं, रोगाचे जंतू मरतात, आणि दोन-तीनदा पालटला की अडीच-तीन महिन्यांत ढीग निम्म्याहून खाली बसतो. तळहात चोळत त्यानं विचारलं, "मॅडम, यावर पाणी तापवता येईल का?" दर थंडीत त्याचा तो प्रकल्प चालू आहे. अजून आंघोळीइतकं पाणी तापलेलं नाही.

आम्ही शाळेत असताना कार्यानुभव नावाचा विषय होता. त्यात शुभेच्छापत्रं आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरं केली जात, ती घरं बहुधा आयाच करत. आता जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत परसबागा आहेत, तिथला पालक-वांगी पोरांच्या खिचडीत पडतो, आणि हे मला आमच्या काड्यांच्या घरांपेक्षा शंभर पटीनं शहाणपणाचं वाटतं. पण दहावी झाली की हे सगळं थांबतं. सतरा-अठराव्या वर्षी पोरगं घराबाहेर पडतं तेव्हा त्याच्या हातात मोबाइल असतो, चार्जर असतो, आणि स्वयंपाकाचं म्हणाल तर शून्य. मुलींचंही तेच झालंय आता. आयांनी ठरवून त्यांना चुलीपासून लांब ठेवलं, अभ्यास कर म्हणून. त्यामागचं दुखणं मला कळतं. ज्या बायकांचं आयुष्य स्वयंपाकघरात गेलं त्यांना मुलीचं तसं जाऊ नये असं वाटणारच. पण मग मुलांना घेऊ दे की निम्मा भार, तेही झालेलं नाही. दोघंही उपाशी.

कोथिंबिरीपासून सुरुवात करतो आम्ही, कारण ती फसते. अख्खा धना पेरला तर दोन आठवडे गेले तरी काही दिसत नाही, आणि पोरं दर रविवारी माती उकरून बघतात. धन्याचं बोंड म्हणजे दोन बिया एकात. ती फोडावी लागते. जमिनीवर धने पसरायचे आणि वरून चप्पल घासायची, अगदी हलकी, डाळ पडावी इतकीच. अन्नाला चप्पल लावायची म्हटल्यावर एक मुलगी मागे सरकली. "तुझ्या बापानं आयुष्यभर असंच केलंय, विचार फोन करून," काका म्हणाले. तिनं खरंच फोन केला. वडील पलीकडून हसत होते, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मग फोडलेले धने रात्रभर भिजवून, सावलीत कोरडे करून पेरले की आठ-दहा दिवसांत वर येतात.

मेथीचं काम सरळ. तीन-चार दिवसांत डोकं वर काढते, महिन्याच्या आत उपटायला येते. तिच्यामुळे पोरांना आपल्याला शेती येते असं वाटायला लागतं. मग आम्ही कांदा लावतो. रब्बीचा, एन-२-४-१, नाशिकच्या उन्हाळी कांद्याची जुनी जात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टाकायचं, सहा-सात आठवड्यांनी हरभऱ्याच्या काडीएवढं रोप झालं की उपटून पुन्हा लावायचं, वाकून, एकेक करून, आणि मग थेट एप्रिलपर्यंत वाट बघायची. त्या वेळी परीक्षा चालू असतात. ज्यानं रोप लावलं तो कांदा निघायच्या दिवशी गावाला गेलेला असतो आणि भलताच कुणीतरी तो खातो. रोपं लावताना कंबर धरून बसलेल्या एकानं मला विचारलं, "बायका एकराला किती दिवस लावतात हे?" मग त्यानं स्वतःच शोधून काढलं की मजुरी वाफ्यावर नसते, एकरावर उक्ती ठरते. कॉस्टिंगचा धडा मला वर्गात असा कधी शिकवता आलेला नाही.

स्वयंपाकाकडे मी आहे, आणि मावशी आहेत. मावशी पेठ तालुक्यातल्या, आमच्या कॉलनीत सहा घरी पोळ्या करतात. त्यांना आम्ही रविवारचे पैसे देतो. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा ठिकाणी आम्हाला फुकटात शिकवणारी माणसं लागतात, आणि ती नेमकी ज्यांना फुकट काम परवडत नाही तीच असतात. काका पेन्शनवर आहेत, मला पगार आहे. मावशींचं शिकवणं हे काम आहे, आणि ते त्या आमच्या दोघांपेक्षा चांगलं करतात.

नियम एकच, मेन्यू ठरवायचा नाही. पोरं येताना मोबाइलवर रेसिपी बघून येत, 'आज छोले करू या' म्हणत. मावशी ऐकून घेत आणि विचारत, "आज काय निघालंय?" छोले निघालेले नसत. वांगी निघालेली असत, किंवा वीतभर पालक, चार मिरच्या आणि कांद्याची पात. त्यातून वीस जणांचं जेवण काढायचं. डाळ, पीठ, तेल, दाणे, मीठ-मसाला एवढंच विकत आणायचं, बाकी वाफ्यात असेल ते. उलट्या बाजूनं विचार करायला पोरांना बराच काळ लागला. रेसिपी वाचून सामान आणणं कुणालाही जमतं. समोर आहे त्यातून पोटभर काय होईल हे ओळखायला पाकक्रियेची मुळं माहीत असावी लागतात. पाणी सुटणारी भाजी कुठली, डाळीत ढकलली तर वाढणारी कुठली, कच्चीच बरी लागणारी कुठली.

कच्चीच बरी म्हणजे घोळाणा. पहिल्या थंडीत मेथी निघाली तेव्हा मावशींनी ती शिजवूच दिली नाही. शिजली की परातभर मेथीची वाटीभर भाजी होते आणि वीस जणांच्या तोंडाला पुसायला उरते. त्यांनी कोवळी पानं खुडायला लावली, धुऊन चाळणीत निथळायला लावली, जाडसर चिरली. बारीक चिरलेला कांदा, भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट, तिखट, मीठ, आणि वरून कच्चं तेल, जरा सढळ. हातानं हलकं कालवायचं. मीठ अगदी शेवटी, भाकरी ताटात पडल्यावर, नाहीतर मेथी माना टाकते. येवल्याचा एक मुलगा खाता खाता थांबला आणि म्हणाला, "हे तर माझी आजी करते." मग म्हणाला, "मला वाटायचं, ती शिजवायचा कंटाळा करते."

भाकरी मात्र सगळ्यांची फाटली. बाजरीच्या पिठाला चिकटपणा नसतो, तो मळूनच आणावा लागतो. कोमट पाण्यानं भिजवायचं आणि तळहाताच्या टाचेनं परातीत रेटत राहायचं, पुढे-मागे, भेगा जाईपर्यंत. पोरं दोन मिनिटांत थकतात, जिममध्ये जाणारीही. थापताना कडा चिरते, उचलताना मध्येच तुकडा पडतो. तव्यावर टाकली की लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची, दुसरी बाजू पक्की भाजायची, मग विस्तवाला लावायची. पीठही ताजं लागतं. बाजरीचं पीठ आठवड्यात कडवट व्हायला लागतं, म्हणून शनिवारी संध्याकाळी कुणीतरी एक जण गिरणीत दळण घेऊन जातो. गिरणीत रांगेत उभं राहणं हाही त्यातल्या बऱ्याच जणांसाठी आयुष्यातला पहिलाच प्रसंग. ज्याची भाकरी पहिल्यांदा टम्म फुगली तो सातपूरला सीएनसी मशिन चालवतो. तो म्हणाला की टॉलरन्स फार कमी आहे यात. मावशींनी त्याला टॉलरन्स म्हणजे काय विचारलं, त्यानं बोटांनी दाखवलं, मावशी म्हणाल्या, "मग असं सांग ना, काठ जाड ठेवू नको."

एरवी गोडीगोडीनं लिहिता येईल, पण सप्टेंबरबद्दल लिहिलंच पाहिजे. सप्टेंबरात गिलकी, म्हणजे घोसाळी, येतात. जूनमध्ये कुंपणाला चार वेल सोडले होते, ते विजेच्या खांबापर्यंत गेले. दर रविवारी गिलकी. गिलक्याची भजी झाली, गिलक्याची डाळीतली भाजी झाली, भाजून भरीत झालं, दाण्याचं कूट लावून झालं. तिसऱ्या आठवड्यात पोरं कमी यायला लागली. कुणीतरी ग्रुपवर गिलक्याच्या फोटोला हार घातलेलं चित्र टाकलं. मावशी ढिम्म. "आमच्याकडे नागली निघाली की वर्षभर नागली," म्हणाल्या. खरं सांगायचं तर मीही कंटाळले होते आणि घरी जाऊन पावभाजी खात होते. तरी मला वाटतं, महिनाभराच्या त्या गिलक्यांनी जे शिकवलं ते मेथीच्या कौतुकानं शिकवलं नाही. हंगामी खावं, स्थानिक खावं असं आजकाल सगळे म्हणतात. हंगामी म्हणजे तेच ते, पुन्हा, आणि पुन्हा, हे त्यात कुणी सांगत नाही. आपल्या आज्यांनी वाळवणं, सांडगे, लोणची हे सगळं हौसेनं थोडंच शोधलं असेल.

सकाळी फिरायला येणाऱ्यांचंही सांगितलं पाहिजे. देवाला म्हणून शेजारच्या कुंपणातली जास्वंद तोडायची नाशिककरांची परंपरा जुनी आहे. आमच्या वाफ्यांतून आता देवाला कोथिंबीर आणि लिंबंही जायला लागली. पाटी लावून झाली, उपयोग शून्य. शेवटी काकांनी रस्त्याकडेचा एक वाफा फिरणाऱ्यांच्या नावानं सोडला, घ्या म्हणाले, फक्त जाता-येता एक तण उपटा. त्या वाफ्यात तण अजिबात नसतं असं मी म्हणणार नाही.

तणावरून आठवलं. गेल्या पावसाळ्यात भेंडीच्या वाफ्यात कुरडू माजली होती. पोरांनी उपटून बांधावर ढीग घातला, खताच्या ढिगात टाकायला. मावशी आल्या आणि कपाळावर हात मारला. "ही भाजी आहे! श्रावणात आम्ही डोंगर हिंडतो हिच्यासाठी." कोवळे शेंडे खुडून घेतले, उकडून पिळले, लसूण-मिरचीच्या फोडणीत कांद्यावर परतले, भिजवलेली मूगडाळ घातली. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली, फोटो काढले, रानभाजी महोत्सवाच्या गप्पा झाल्या. सुरगाण्याचा एक मुलगा आहे, कमी बोलतो. त्यानं त्या ढिगात सगळ्यात जास्त कुरडू उपटून टाकली होती. मी त्याला बाजूला विचारलं, तुला माहीत नव्हतं? "माहीत होतं ना मॅडम." मग बोलला का नाहीस? तो जरा हसला. "पावसाळ्यात घरी रोज तेच. नाशिकला आलो तेव्हा वाटलं, आता पनीर खाऊ."

मला ते वाक्य बरेच दिवस चावत राहिलं. आमच्यासारख्यांना रानभाजी म्हणजे शोध लागल्याचा आनंद. त्याच्यासाठी ती, आई रानातून भिजत गोळा करून आणते म्हणून ताटात आलेली गोष्ट. वाफ्याच्या एका बाजूला मातीची हौस असलेले आम्ही, दुसऱ्या बाजूला मातीतून सुटून आलेली पोरं. त्यांना मातीचं प्रेम शिकवायला जाणं हा नुसता आगाऊपणा. त्यानंतर आम्ही माती, मूळ, परंपरा हे शब्द वापरणं बंद केलं. पुढच्या रविवारी दूध आणून, लिंबू पिळून, फडक्यात बांधून वर काठवट आणि त्यावर विटा ठेवून पनीर केलं. पालक आमचाच होता. त्या मुलानं तीनदा वाढून घेतलं, आणि दूध नासवायला लिंबू किती, आंच कधी बंद करायची, हे वहीत लिहून घेतलं. त्याच्या घरी दोन गायी आहेत.

या सुटून येण्याबद्दल ज्यांनी मला सगळ्यात स्पष्ट सुनावलं ते त्या धने फोडणाऱ्या मुलीचे वडील. निफाड तालुक्यात त्यांची शेती, टोमॅटो आणि कांदा. मुलीला भेटायला आले होते, तशी भूखंडावर चक्कर टाकली. मुलगी उकिडवी बसून खुरपत होती. त्यांनी बघितलं आणि तोंड उतरलं. मला म्हणाले, "मॅडम, माफ करा, पण मी हिला इथं शिकायला ठेवलीय. खुरपायला घरी कमी होतं का?" मी काहीतरी बोलले. ते म्हणाले, "तुम्ही २०२३ बघितलं ना?"

बघितलं होतं, ग्राहकाच्या बाजूनं. त्या जुलै-ऑगस्टात टोमॅटो किलोला दीडशेच्या पुढे गेला, देशभर बोंब झाली, सरकारनं स्वस्त टोमॅटोच्या गाड्या उभ्या केल्या. भाव बघून सगळ्यांनी लागवड केली आणि सप्टेंबरात वीस किलोचं कॅरेट शंभराच्या आत आलं. तोडणी आणि गाडीभाडंही निघेना. माल रस्त्याकडेला ओतलेला आपण सगळ्यांनी पाहिला. त्याच ऑगस्टात कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लागलं, लिलाव बंद पडले, आणि डिसेंबरात तर निर्यातच बंद झाली, ती पुढच्या मे महिन्यापर्यंत. त्यांनी हे सगळं आवाज न चढवता सांगितलं, रोजच्या बोलण्यातलंच. शेवटी म्हणाले, "तुम्हाला चार वाफ्यांचं कौतुक, ते असू द्या. पण पोरीला यात गोडी लावू नका."

त्यांना मी काय सांगणार होते? त्या रविवारी ते जेवायला थांबले, आग्रह केला म्हणून. मुलीनं भाकरी थापली, पिठलं केलं, वाफ्यातली मिरची खरडून ठेचा केला. ते जेवले. तिनं वाढलेली दुसरी भाकरीही घेतली. निघताना त्यांचं मत तेच होतं. फक्त एवढं म्हणाले, की भाकरी येते हे बरं झालं, नोकरीला पुण्याला गेली तर उपाशी राहणार नाही, शेतात मात्र पाय ठेवू देणार नाही. आणि मला ते पटलंय. आम्हाला शेतकरी घडवायचे नाहीत, अडीच गुंठ्यांवर घडणारही नाहीत. पोराला खोलीवर एका शेगडीवर धड जेवण करता यावं, बाजारात भेंडी घेताना शेंडा मोडून बघावा, कॅरेटभर टोमॅटो फुकाच्या भावात मिळाले की 'स्वस्त झाले' म्हणून थांबू नये, त्यामागे कुणाचं काय झालं असेल हे एकदा मनात यावं. याच्यापलीकडे या जागेकडून माझी फार अपेक्षा नाही.

आता हिवाळ्याची तयारी चालू आहे. एका द्राक्षबागायतदारानं बाग मोडली, त्याच्याकडून ठिबकच्या जुन्या नळ्या मिळाल्यात. त्यातली निम्मी तोंडं क्षारानं बुजलेली आहेत, ती साफ करायला सीएनसीवाल्याला बसवलंय. काय लावायचं यावर गेल्या रविवारी मतदान झालं. टोमॅटो पडला, त्याच्या बाजूनं तिघंच होते. लसूण निवडून आला, कारण त्याचा भाव सगळ्यांना पाठ आहे. गिलक्याला एकही मत नाही. सुरगाण्याच्या मुलानं ब्रोकोली सुचवली आणि थंडीत ती नाशिकला चांगली येते हे त्यानं आधीच कुठूनतरी काढून ठेवलं होतं. रोपवाटिकेत रोप मिळतं हेही. बाकीच्यांनी हात वर केले.

मावशींनी मोबाइलवर फोटो बघितला, बोटानं मोठा केला. "ही तर हिरवी पडलेली फ्लावर," म्हणाल्या. "करायचं काय हिचं?"

"उकडून खातात, मीठ-मिरपूड लावून," तो म्हणाला.

"उकडून?" मावशींनी मोबाइल परत दिला. "निघू दे आधी. बेसन पेरून करू. कांदा जास्त लागेल, तेवढं काकांना सांगून ठेव."

काकांनी कांद्याचं बी कालच आणलंय, वाफा अजून व्हायचाय.